न तडकणारी शेंग

सुमेधामॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि मी दारात बसून भाडेकरूंचं नळावरचं भांडण ऐकत होते. फोन मॅडमच्या भाचीचा, ऋचाचा. ती रडत होती. "आजी, मावशी गेली," म्हणाली. मी विचारलं, कधी? पहाटे, झोपेतच, असं तिनं सांगितलं. मी म्हणाले, "फ्रीज बंद करू नका." पलीकडचं रडणं थांबलं. मग "हो" असं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. ते "हो" तिनं माझं ऐकून म्हटलेलं नाही, हे मला तेव्हाच कळलं...

माणूस गेल्याचं कळल्यावर पहिलं वाक्य असं बोलायचं नसतं, हे मला नंतर माझ्या मुलानं, सुनेनं आणि मॅडमच्या मेव्हण्यांनीही सांगितलं. नसेल बोलायचं. पण मॅडमच्या पिंपळे गुरवच्या फ्लॅटमध्ये, त्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, जिथं लोक भाजी ठेवतात तिथं, त्यांच्या वीस वर्षांच्या कामाचं बी होतं. बरण्यांमधून, आणि प्रत्येक बरणीत बुटांच्या खोक्यात निघतात तशा ओल शोषणाऱ्या पुड्या. त्यातल्या एका बरणीतलं बी दुसरीकडं कुठंच शिल्लक नव्हतं. हे मला माहीत होतं, कारण एकदा ते माझ्याच हातानं संपता संपता राहिलं होतं. रडायला पुढं दिवस पडले होते. बी थांबत नाही.

मी खेड तालुक्यातल्या निघोज्याची. शाळा चौथीपर्यंत. आमच्या रानाच्या तीन बाजूंना कंपन्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, तरी मधलं सहा एकर तसंच होतं. माझ्या मालकांनी जाण्याआधी ते एका चारा संशोधन केंद्राला भाड्यानं दिलं होतं. गावाकडच्या जागेवर माझ्या मुलानं, दत्तानं, कामगारांसाठी खोल्या बांधल्या. घरात कमी काही नव्हतं. तरी मी त्या केंद्रात रोजानं खुरपायला जायचे. दत्ताला लाज वाटायची. "आई, आपल्याच रानात तू रोजानं जातीस. लोक काय म्हणतील?" मी सांगायचे, "लोकांला म्हणावं, म्हातारीला टीव्ही आवडत न्हाई."

सुमेधामॅडम त्या केंद्रात आल्या तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या होत्या. अंगानं बारीक, डोक्याला पुरुषी टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. लग्न केलेलं नव्हतं. आमच्यातल्या कमलनं पहिल्याच आठवड्यात कारण विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "वेळ नाही मिळाला," आणि वाफा मोजायला लागल्या. त्यांचं काम ओटचं. ओट हे गव्हासारखंच दिसणारं पीक. दाणा घ्या, नाहीतर हिरवं कापून जनावराला घाला, नाहीतर वाळवून वैरण करून ठेवा. खेड तालुक्यातल्या दूधवाल्यांना उन्हाळ्यात चारा पुरत नाही, म्हणून वाऱ्यानं लोळणार नाही आणि दाणा भरला तरी ताट हिरवं राहील, असा ओट त्यांना तयार करायचा होता.

मला त्यांनी खुरप्यावरून उचललं ते एका काट्यामुळं. कमलच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता आणि मी बांधावर बसून तो पिनेनं काढत होते. मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या, मला पत्ता नव्हता. काटा निघाला, रक्त आलं नाही. त्या म्हणाल्या, "यमुनाबाई, उद्यापासून खुरपं नको. मी चिमटा देते." ओटच्या फुलात तीन बारीक पिशव्या असतात, त्यांच्यात पराग असतो. त्या पिवळ्या व्हायच्या आत फुलाचं टरफल उघडून तिन्ही काढायच्या, मधल्या पिसांसारख्या तुऱ्याला धक्का लावायचा नाही, आणि वर कागदाची पिशवी बांधायची. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या जातीचा पराग आणून त्यावर झाडायचा. शंभर फुलं अशी केली तर दाणे धरायचे दहा-पंधरा. मॅडमच्या हाताखाली शिकायला आलेली मुलं दोन दिवसांत कंटाळायची. मी पाच हिवाळे तेच केलं. कंटाळा आला नाही असं नाही. पण त्या माझ्याशेजारी त्याच उन्हात तेच करत असायच्या, आणि माझ्या फुलांना त्यांच्यापेक्षा जास्त दाणे धरायचे. त्या ते मोठ्यानं वाचून दाखवायच्या, स्वतःचा आकडा आधी.

ओट झाला. आज आमच्या भागातले दूधवाले "मॅडमचा ओट" म्हणून जो पेरतात तो तोच. पण नुसत्या ओटावर दूध वाढत नाही, त्याच्याबरोबर काहीतरी शेंगवर्गातलं लागतं. म्हणून मॅडमनी व्हेच आणलं. आम्ही त्याला रानवाटाणा म्हणतो. नाजूक पानांचा वेल, जांभळी फुलं, ओटाच्या ताटाला धरून वर चढतो. दोन्ही एकत्र कापली की जनावर गव्हाणीत काडी ठेवत नाही. अडचण एकच होती. व्हेचची शेंग वाळली की उन्हात तडकते आणि दाणे चार हात लांब उडतात. शेतकऱ्याला स्वतःचं बी धरता येत नाही. दरवर्षी बाहेरचं बी कोण विकत घेणार? मॅडम म्हणायच्या, न तडकणारी एक शेंग सापडली पाहिजे, एकच. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी त्या व्हेचच्या ओळींत मांडी घालून बसायच्या आणि ऐकायच्या. टिक... टिक... असा आवाज येत राहायचा. मुकादम हसायचा. असे सात उन्हाळे गेले.

आठव्या वर्षी एका संध्याकाळी जाता जाता त्या माझ्याकडं आल्या. आवाज नेहमीसारखाच होता, पण टोपी हातात होती. "यमुनाबाई, तिसऱ्या वाफ्यात उद्या हात घालू नका. एक रोप बघायचंय मला." तिसरा वाफा निव्वळ ओटाच्या बियाण्याचा. त्यात आदल्या साली उडालेल्या दाण्यांचं व्हेच आपोआप उगवायचं आणि ते उपटून टाकायचं, हे आमचं रोजचं काम होतं. मी "व्हय" म्हणाले. मी ऐकलं होतं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं कोणी मला सवलत देऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताचं आणि माझं वाजलं. ते सहा एकर एका गोदामवाल्याला द्यायचं त्यानं ठरवलं होतं. सातबाऱ्यावर माझं नाव असल्यानं सही माझी लागणार होती. मी नाही म्हणाले. तो म्हणाला, "रान तुझं, आन राबतीस बी तूच. मग मी कोण हाय?" मी तावातावानं रानात गेले आणि पहिल्या वाफ्यापासून सुरुवात केली. डोक्यात भांडण चालू होतं, हात आपलं काम करत होते. माझ्या आईनं मला सहाव्या वर्षी गव्हातला रानवाटाणा उपटायला बसवलं होतं. हाताला ते पान लागलं की उपटायचं, त्याला डोळे लागत नाहीत. मान वर केली तेव्हा मी तिसऱ्या वाफ्याच्या शेवटाला होते.

खुरपणीत निघालेलं गवत बाईचं असतं. तिनं भारा बांधून आपल्या जनावराला न्यायचं, ही रीत आमच्याकडं सगळीकडं आहे. माझा भारा दहा वाजता मी घरी टाकून आले होते. अकराला मॅडम आल्या. तिसऱ्या वाफ्यात एक काडी रोवलेली होती. मला ती दिसली नव्हती, किंवा दिसली असली तरी ती खूण आहे असं वाटलं नव्हतं. त्या काडीपाशी त्या गुडघ्यांवर बसल्या. मग पुढं सरकल्या. मग मागं आल्या. दोन तास त्या वाफ्यात रांगत होत्या. उठल्या तेव्हा त्यांनी मुकादमाला विचारलं, "इथं कोण होतं आज?" तो म्हणाला, "बाया व्हत्या की सगळ्या." त्यांनी आमच्याकडं पाहिलं. मी तोंडावर कोणालाही काहीही बोलणारी बाई. माझ्या तोंडामुळं दोन नणंदा माझ्या दारात येत नाहीत. त्या दिवशी मी गप्प राहिले.

दुपारी घरी पळाले. म्हैस निम्मा भारा खाऊन बसली होती. तिच्या पुढ्यातून मी राहिलेला ओढला. व्हेचची तीस-एक रोपं निघाली, मुळासकट, शेंगा धरलेली. खालच्या एक-दोन वाळलेल्या, बाकी हिरव्या, दाणा अजून कोवळा. त्यांतलं मॅडमचं कोणतं, किंवा ते आधीच म्हशीच्या पोटात गेलं, हे ओळखायला काही मार्ग नव्हता. मी ती सगळी दोन कळशांमध्ये पाणी घालून उभी केली आणि मागच्या खोलीत ठेवली. तोडलेल्या फांदीवरची कळी पाण्यात उमलते, मग कोवळा दाणा का भरणार नाही, एवढाच माझा हिशोब. रोज पाणी बदललं. अकरा दिवस.

त्या अकरा दिवसांत मॅडमनी सगळं रान पालथं घातलं, तसंच दुसरं एखादं रोप मिळतंय का म्हणून. टोपी घालायच्या विसरायच्या. नाकाची सालं निघाली. केंद्राचा भाडेकरार पुढं चालणार की नाही तेही ठरलेलं नव्हतं, म्हणजे पुढचा हिवाळा मिळेल याची खात्री नव्हती, आणि ते त्यांना माहीत होतं. मी शेजारच्या ओळीत खुरपत असायचे. एकदा त्या माझ्याजवळ येऊन पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मला भास झाला असेल का हो, यमुनाबाई?" मी म्हणाले, "उन्हानं व्हतंय तसं." हे मी बोलले. लिहितानाही ते बरं वाटत नाही...

दाणे भरले. मग मी ती रोपं आमच्या खोल्यांच्या गच्चीवर नेली, एकेक वेगळ्या ताटात ठेवली आणि दुपारभर शेजारी बसले. सून वर येऊन म्हणाली, "आत्याबाई, पापड घातलेत का?" मी तिला खाली पाठवलं. पहिल्या दिवशी निम्म्या शेंगा तडकल्या. दुसऱ्या दिवशी ताटांत टणाटण दाणे उडत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी एका ताटातल्या शेंगा काळ्या पडून, पिळवटून तशाच राहिल्या होत्या. चिमटीत धरून दाबल्या तेव्हा उघडल्या. तेरा दाणे.

मी पुडी घेऊन केंद्रात गेले आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. "तिसऱ्या वाफ्यात मीच व्हते. रोप मी उपटलं. ह्ये त्याचं बी."

त्यांनी पुडीला हात लावला नाही. "हेच कशावरून?"

"बाकीची तडकली. ह्ये तीन दिवस उन्हात व्हतं, न्हाई तडकलं."

"किती दिवस झाले उपटून?"

"चौदा."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "रोप उपटलं गेलं ती माझी चूक. काडी रोवून गेले, चिठ्ठी बांधायला पाहिजे होती. पण चौदा दिवस मी रांगत होते आणि तुम्ही शेजारी बसून बघत होतात. हे मला समजत नाही."

"कामावरनं काढलं असतंत."

"मग आता काढते," त्या म्हणाल्या, आणि खरंच काढलं. तो अख्खा उन्हाळा आणि पावसाळा मी घरी होते. कमल सांगायची की मॅडम माझं नावही काढत नाहीत. मी म्हणायचे, बरोबर आहे त्यांचं. दसऱ्यानंतर एका सकाळी त्यांची स्कूटर आमच्या दारात थांबली. त्या उतरल्याही नाहीत. "पेरणी आहे. चष्मा घेऊन या." मी गेले. त्या विषयावर आम्ही दोघी परत कधी बोललो नाही, पण तेव्हापासून प्रत्येक खुणेची चिठ्ठी त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली. चौथीतलं माझं अक्षर गोल आहे, पावसात भिजलं तरी वाचता येतं.

त्या तेरा दाण्यांतले नऊ उगवले. पुढं त्यांचं बरणीभर झालं. शेंग तडकत नव्हती, पण पाला कमी होता. म्हणून मॅडमनी तिचा भरपूर पाल्याच्या जातीशी संकर सुरू केला. तो पुरा झाला नाही. रान गोदामाला द्या म्हणायला दत्ता थकला नव्हता, आणि मीही किती दिवस त्याच्याशी भांडणार? सही मीच केली. मॅडमना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "जमीन तुमची आहे, यमुनाबाई." आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. केंद्र बंद झालं, त्या निवृत्त झाल्या, आणि आज तिसऱ्या वाफ्याच्या जागी गोदामाचा वजनकाटा आहे. पुढचे दोन-तीन हिवाळे त्यांनी सोसायटीच्या गच्चीवर कुंड्यांमधून बी ताजं ठेवलं. सेक्रेटरीनं गळतीची तक्रार काढली, मग ते फ्रीजमध्ये गेलं. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचे. त्या चहा करायच्या, मी बरण्यांची झाकणं तपासायचे. गेल्या वर्षापासून त्यांच्या हाताला कंप होता. "या हिवाळ्यात तुमच्याकडं पेरू," असं त्या आषाढात म्हणाल्या होत्या.

तर त्या सकाळी मी आमच्या भाडेकरूला, बालाजीला, रिक्षा काढायला लावली. तो नांदेडकडचा. "माय, सुतकाच्या घरी एवढी घाई काऊन करायलाव?" मी म्हणाले, "तू गाडी बघ." मोशीपासून नाशिक फाट्यापर्यंत गाड्यांची रांग होती. पोचायला साडेदहा झाले. हॉलमध्ये काचेची शीतपेटी, आत मॅडम. त्यांचा भाऊ परदेशातून दुसऱ्या दिवशी यायचा होता. चेहरा होता तसाच होता, टोपी नसल्यानं कपाळ मोठं दिसत होतं. पेटीची वायर कुठं जाते ते मी बघितलं. तिला जाड पिनेचा प्लग, आणि तसा सॉकेट हॉलमध्ये एकच, फ्रीजचा. फ्रीज बंद होता. दार उघडलं तर आत काही नव्हतं.

"आजी, आत्ता?" ऋचा म्हणाली. तिचे वडील, म्हणजे मॅडमचे मेव्हणे, उठून उभे राहिले. "अहो बाई, हे काय चाललंय? तिकडं ती..." मी म्हणाले, "तिकडं काय हाय त्ये मला दिसतंय. बरण्या कुठं हायती?" ऋचानं समोरच्या दाराकडं बोट केलं. काकूंनी सगळं नेलंय, म्हणाली.

या समोरच्या काकूंना सगळी इमारत काकू म्हणते. वयानं माझ्याहून लहान असल्या तरी मीही म्हणते. नाव लिहीत नाही. मॅडमच्या आजारपणात दोन वेळचा डबा त्यांनी दिला, रात्री-अपरात्री डॉक्टरला बोलावलं, आणि त्या पहाटे सगळ्यांत आधी धावल्या त्याही त्याच. त्यांनी दार उघडलं. हाताला पीठ होतं. "या, या. फ्रीज बंद करावा लागला ना, म्हणून मी सगळं इकडं आणलं. दूध माझ्याकडं ठेवलंय. कुसळाचं धान्य होतं कसलंतरी, त्या बरण्या तशाच आहेत. आणि हे काळे मूग निघाले बरणीत, ते भिजत घातलेत. बाहेरगावची माणसं येतील, उपाशी कशी ठेवायची? नुसते उकडून मीठ घालून देईन. फोडणी नको ना आज."

ओट्यावर पातेलं होतं. पाण्याखाली काळं, गोल बी. दाणे फुगायला लागले होते.

"कधी घातलं?"

"सात-साडेसातला असेल."

"सगळं?"

"हो, केवढीशी तर बरणी."

माझ्या तोंडात शब्द आले होते. ते आले तसे बाहेर पडले असते, तर ती बाई आयुष्यभर विसरली नसती. पण ज्या हातानं तिनं ते भिजत घातलं तो हात मला ओळखीचा होता. त्याला धान्य दिसलं, त्यानं धुतलं आणि पाण्यात टाकलं. मी म्हणाले, "बाई, ह्ये मूग न्हाईत. जनावराचं खाणं हाय, माणसाला बाधतं."

"अगं बाई. बरं सांगितलंत. थांबा, टाकून देते."

"टाकू नका. माझी म्हैस खाईल."

म्हैस मी कधीच विकली होती. पातेलं तसंच उचललं, ओटच्या बरण्या मागोमाग वर आलेल्या बालाजीच्या हातात दिल्या आणि निघाले. मॅडमच्या पायाशी थांबून हात जोडायचे राहिले. मेव्हणे काहीतरी बोलत होते, ते मी ऐकलं नाही. रिक्षात पाणी निथळून बी माझ्या लुगड्याच्या पदरात घेतलं. भिजलेलं बी परत वाळवलं तर बहुतेक मरतं, आणि पेरायचं तर हे थंडीचं पीक, बाहेर श्रावणातली झड. मॅडम असत्या तर काय केलं असतं, हे विचारायची सोय नव्हती. त्या पेटीत होत्या... भोसरीपर्यंत मी ठरवलं की निम्मं पंख्याखाली, निम्मं मातीत.

दत्ता मला बघून म्हणाला, "जाऊन अंघोळ कर आधी." मी म्हणाले, "गाड्यांची शेड मोकळी कर. पत्र्याखाली माती पायजे, पावसाचं पाणी लागता कामा नये." तो म्हणाला, "आई, तिथं आठ मोटारसायकली लागत्यात." "लागत असत्याल." तो स्वतःच भाडेकरूंकडं चाव्या मागायला वर गेला. मुलगा वाईट नाही माझा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या झटकून आम्ही मातीनं भरल्या. बालाजीची बायकोही हात लावायला आली. अंघोळ संध्याकाळी केली.

पंख्याखालचं बी मेलं. पंधरा दिवसांनी त्यातलं थोडं ओल्या फडक्यात बांधून बघितलं, एकाला कोंब आला नाही. गोण्यांमधलं दाट उगवलं. मला जरा बरं वाटलं, आणि मग भाद्रपदातल्या दमट हवेनं ते बुंध्यापासून सडायला लागलं. रोज सकाळी दहा-वीस रोपं आडवी पडलेली. पाणी कमी केलं, राख टाकली, दत्तानं पंखा लावून दिला. नवरात्रापर्यंत अकरा रोपं राहिली. ओटच्या बरण्या मॅडमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं नेल्या, त्यांची काळजी नव्हती. काळजी या अकरांची होती.

काकूंचा मला दर आठ-दहा दिवसांनी फोन येतो. त्यांच्या मनाला ते लागून राहिलं आहे. "यमुनाबाई, म्हशीला काही बाधलं नाही ना?" पहिल्यांदा मी म्हणाले, न्हाई. दुसऱ्यांदा म्हणाले, दूध वाढलंय. तिसऱ्यांदा त्यांनी म्हशीचं नाव विचारलं, तेही मी सांगितलं. दत्ता पोट धरून हसला. मला हसू आलं नाही. फोन ठेवला की मॅडमचं ते टेबल आठवायचं. त्यांना राग उपटल्याचा नव्हता, मी शेजारी बसून बघत राहिले त्याचा होता. मी आपली समजूत घालत होते की काकूंना वाईट वाटू नये म्हणून सांगत नाही. खरं म्हणजे मला ते सांगायचं काम नको होतं. तेव्हाही तेच होतं.

पेपरच्या या रविवारच्या पुरवणीत मॅडमबद्दल लिहून द्या असं ऋचानं सुचवलं, तेव्हा मी म्हटलं होतं की मला दोन पानंसुद्धा जमणार नाहीत. जमली, कारण हे एक सांगायचं होतं. काकू तुमचाच पेपर घेतात आणि रविवारी पुरवणी आधी वाचतात.

तर काकू, माझ्याकडं म्हैस नाही. ते मूग म्हणजे मॅडमच्या पंधरा-वीस वर्षांच्या दुपारी होत्या. तुम्ही जे केलंत ते मी तुमच्या आधी केलं आहे, आणि मला माहीत असताना केलं आहे. तुम्हाला तर माहीतही नव्हतं. अकरा रोपं जगली आहेत. परवा त्यांतल्या एकाच्या पहिल्या शेंगा वाळल्या. दुपारी बाराला त्यांच्यापाशी बसले, ती तीनला उठले. तडकल्या नाहीत.

एक गोणी तुमच्यासाठी वेगळी काढली आहे, तीन रोपांची. सगळं एका ठिकाणी ठेवणं बरं नाही, हे आता मला आणि तुम्हाला दोघींना कळलं आहे. तुमच्या बाहेरच्या गॅलरीत दुपारपर्यंत ऊन असतं, ते मी त्या दिवशी बघून ठेवलं. पाणी दिवसाआड, तेही हातानं, बुंध्याला लागू द्यायचं नाही. वेलाला चढायला काठी लावून देते आहे, ती काढू नका. कोणी विचारलं काय आहे, तर समोरच्या दारावरची मॅडमच्या नावाची पाटी दाखवा. ऋचानं ती अजून काढलेली नाही. मंगळवारी सकाळी बालाजी रिक्षातून गोणी घेऊन येईल. लिफ्टनं नको, जिन्यानं सावकाश वर आणू दे त्याला. खालच्या शेंगा वाळत आल्या आहेत.